वेळेला उडेल असं पिस्तूल

८ जानेवारी

सारिकाचं पिस्तुलाचं लायसन आलं. ती स्वतः पुण्याला जाऊन घेऊन आली, टेबलावर ठेवलं आणि भाकरी टाकायला गेली. मी चष्मा लावून दोनदा वाचलं. नावाआधी सौ. नाही, श्रीमती लिहिलंय. बरोबरच आहे.

ही वही पतसंस्थेनं फुकट दिलेली. आजवर अशा वहीत मी कांद्याचं पाणी आणि लाईटची पाळी लिहीत आलो. या वर्षी पिस्तुलाचं लिहिणार. कोण काय बोललं ते हल्ली ध्यानात राहत नाही, आणि या कामात चूक परवडायची नाही.

तर काम असं. माझा मुलगा सत्यजीत जाऊन चौदा महिने झाले. कारेगावला कंपनीच्या भंगाराच्या ठेक्यावरून तिघांनी कोयत्यानं मारला. सारिका, त्याची बायको, तेव्हा गाडीत बसलेली होती. डोळ्यांनी बघणारी ती एकटीच. मार्चमध्ये तिची कोर्टात साक्ष आहे. तिघंही जामिनावर बाहेर आहेत. शिरूरच्या बाजारात भाजी घेताना दिसतात.

सत्यजीतकडं लायसनचं पिस्तूल होतं. त्यानं ते काढलं, रोखलं, दोनदा दाबलं. सारिका म्हणते, नुसतं टक-टक वाजलं. ते पिस्तूल आता पोलिसांकडं जमा आहे. ऐन वेळी दगा दिला त्यानं. बनवणाऱ्यानं भिकार माल आमच्या गळ्यात मारला, दुसरं काय.

आता सारिकाला घ्यायचं ते वेळेला उडणारं पाहिजे. नव्याला नंबर लावून बसावं लागतं आणि साक्ष तोंडावर आली. म्हणून चांगलं वापरलेलं बघायचं. मी जन्मभर ट्रॅक्टर वापरलेलेच घेतले. दोन्ही चांगले निघाले.

१४ जानेवारी

संक्रांत. आमच्या सरूबाईनं, सत्यजीतच्या आईनं, तिळगूळ वळला. गल्लीतल्या सगळ्या बायका हळदीकुंकवाला गेल्या, सारिकाला कुणी हाक मारली नाही. ती ओट्यावर कोथिंबीर निवडत बसली. मी बघितलं. काही वाटलं नाही. हल्ली वाटतच नाही, नुसती भूक लागते.

जेवणाला चव नव्हती. घाण्याचं करडईचं तेल सारिकानं वर्षापासून बंद केलंय, पिशवीतलं सोयाबीनचं आणते. मी म्हटलं, "घरची करडई असताना हे पांचट पाणी कशाला?"

"डॉक्टर म्हणले, आबा."

"कोण डॉक्टर?"

ती तव्याकडं वळली. सरूबाई मधेच म्हणाली, "गप गिळा की. पोरगी करून घालतीय ते काय कमी हाय?" बायका एक झाल्या की आपण ताटात बघावं.

१९ जानेवारी

दौंडला गेलो. शिरूरवरून एसटी, न्हावऱ्याच्या पुढं रस्त्यावर उसाच्या गाड्याच गाड्या.

दौंडला सोपानराव म्हणून आहेत. राखीव पोलीस दलात तीस वर्षं हत्यारं दुरुस्त केली, आता रिटायर. डाव्या कानानं ऐकू येत नाही. माणूस कोरडा, पण नीट. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकदाही 'वाईट झालं' म्हटलं नाही. मला बरं वाटलं. वाईट झालं ऐकून ऐकून कान किटलेत.

"पिस्तूल कुणाला पायजे?"

"सुनंला."

"मग सुनंला का न्हाई आणलं? चप्पल घ्यायला दुसऱ्याचा पाय घिऊन जातं व्हय कुणी?"

म्हटलं, तिला शेताचं, घराचं, वकिलाचं बघावं लागतं. निवडायचं काम माझं. आमच्यात हत्यार पुरुषमाणूसच निवडतो.

सोपानरावांनी नाक खाजवलं. म्हणाले, "बरं. चार गोष्टी ध्यानात ठेवा. वरची चकाकी बघायची न्हाई. नळीत उजेड धरून बघायचं. मॅगझीन वाकलंय का बघायचं. आन् कागदावरला नंबर पिस्तुलावर हाय का ते आधी. बाकी मी हाय. माणूस थापा मारतो, हत्यार मारत न्हाई."

घेण्याआधी प्रत्येक पिस्तूल ते स्वतः खोलून बघतील असं ठरलं. येण्याजाण्याच्या खर्चाशिवाय काही नको म्हणाले.

२ फेब्रुवारी

कारेगाव. सोपानरावांना घेऊन गेलो. गोकुळ म्हणून पोरगा आहे, कंपन्यांना कामगार पुरवतो. दोन्ही हातांत कडी, दारात तीन गाड्या. त्याला नवं पिस्तूल घ्यायचंय, म्हणून जुनं काढतोय. आतून आणून टीपॉयवर ठेवलं. काय चकाकत होतं! सोपानरावांनी मॅगझीन काढलं, आत गोळी नाही ना बघितलं आणि मग माझ्या हातात दिलं.

हातात घट्ट बसलं. माझा पंजा मोठा, सत्यजीतचाही माझ्यासारखाच. त्याला हे अगदी फिट्ट बसलं असतं. मी म्हणणारच होतो की हेच घेऊ.

सोपानराव म्हणाले, "किती उडवलंय?"

"कवातरी, काका. नाममात्र."

"वरातीत?"

गोकुळ हसला. "घरचंच कार्य होतं, काका. पोरं ऐकत न्हाईत."

सोपानरावांनी खोलून दाखवलं. स्प्रिंग मऊ पडलेली, मॅगझीनचं तोंड एका बाजूनं वाकलेलं. कधीतरी डांबरावर आपटलंय म्हणाले. "हे वरातीत नाचून दमलंय. दुसऱ्या गोळीला अडकंल." कपाळाला आठ्या घालून गोकुळनं चहा मागवला, आम्ही न पिताच उठलो.

येताना ती जागा लागली. मी सोपानरावांना दाखवली. पंक्चरवाल्याची टपरी आता तिथं आहे. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. समोर चहावाला आहे, तिथं मी चहा घेतला. साखर जास्त होती. सारिका पुण्याला जाते-येते ती इथूनच. कधी बोलत नाही.

५ फेब्रुवारी

कांद्याला शेवटचं खत. लाईट सकाळची होती. सरूबाईचा गुडघा दुखतोय.

११ फेब्रुवारी

पाबळच्या पुढं एका वस्तीवर साखरबाई म्हणून म्हातारी आहे. नवरा सोसायटीचा चेअरमन होता, तीन वर्षांपूर्वी वारला. मुलानं पिस्तूल आपल्या नावावर करून घेतलंय, पण पुण्यात नोकरी, घरात बाळ, त्याला विकायचंय. आज तोही हजर होता.

एकदाही न उडवलेलं पिस्तूल. लाल फडक्यात बांधलेलं. मला वाटलं, मिळालं. वापरलेलं म्हणायला वापरलेलं, आतून कोरं करकरीत.

साखरबाई म्हणाल्या, "आमच्या मालकांनी जिवापाड जपलं. दर खंडेनवमीला पाटावर मांडून हळदकुंकू, अक्षता, तेल. एक साल चुकलं न्हाई. मालकांच्या माघारी पोरगा करतो."

सोपानरावांनी विचारलं, "तेल कुठलं, आक्का?"

"घरचं. घाण्याचं करडईचं. मशीनचं तेल देवाला चालतंय व्हय?"

त्यांनी ओसरीवर वर्तमानपत्र पसरलं आणि पिस्तूल खोललं. पिन निघेना. टाचणीनं कोरली तर आतून तांबडा चिखल निघाला, वाळून खडा झालेला. तांदळाचा अर्धा दाणाही निघाला. मला जवळ बोलावून दाखवलं.

"हे बघा. करडईचं तेल वाळतं. वाळलं की रंगासारखं चिकटतं. त्यात कुंकू. घोडा दाबला की पिन पुढं जायची, ती जातच न्हाई. नुसतं वाजतं. नोकरीत असताना अशी धा-बारा तरी बघितली. लोकांना वाटतं पिस्तूल खराब. पिस्तूल चांगलंच असतं."

साखरबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आगं बया! म्हंजी आमच्या मालकांवर वेळ आली असती तर?"

"आली न्हाई ना, आक्का. सोडा."

साफ करून देतो, मग हेच घ्या, असं सोपानराव मला म्हणाले. मी नको म्हटलं. एसटी चुकेल म्हणून घाई केली. त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि टाचणी पुसून खिशाला लावली.

१२ फेब्रुवारी

आमच्यातही खंडेनवमीची पूजा असते. घरातला मोठा पुरुष बसतो, बाईमाणूस बसत नाही. पाटावर कोयता, विळा, ट्रॅक्टरची किल्ली आणि सत्यजीतचं पिस्तूल. तो गोळ्या काढून आणून द्यायचा. पाच वर्षं मीच पूजा केली. तेल आमच्याच करडईचं. कुठं कोरडं राहू नये म्हणून फटीफटीत बोट घालून चोळायचो. सत्यजीत म्हणायचा, "आबा, पुरं की आता, लोणचं घालताय का त्याचं?" पण काढून घ्यायचा नाही. माझी पूजा झाली की तसंच कपाटात ठेवायचा.

पण आमचं तेल ताजं असायचं. वस्त्रगाळ. त्या म्हातारीच्या घरात जुनं खवट वापरलं असणार. आणि आमचं पिस्तूल वेगळ्या बनावटीचं होतं. त्याचा इथं काही संबंध नाही.

१३ फेब्रुवारी

ऊसतोडीच्या टोळीला बिबट्या दिसला म्हणे. दिवसभर तीच चर्चा.

१४ फेब्रुवारी

आमचं तेल ताजं असायचं.

१८ फेब्रुवारी

सारिकाकडं कोर्टाच्या कागदांची फाईल मागितली. पिस्तुलाच्या तपासणीचा रिपोर्ट त्यात असतो असं ऐकलंय.

"कशाला, आबा?"

"बघावं म्हटलं."

"टाईप लई बारीक हाय. आधी डोळं तपासून घ्या, मग बघू."

फाईल लोखंडी कपाटात आहे. किल्ली ती कमरेला ठेवते. आधी कधी ठेवत नव्हती, मागल्या वर्षी चार्जशीट मिळाल्यापासून. बरोबर आहे, महत्त्वाचे कागद आहेत. माझा चष्मा दोनच महिन्यांपूर्वी बदललाय, हे तिच्या ध्यानात नसेल.

२६ फेब्रुवारी

सोपानरावांचे तीन फोन येऊन गेले. उचलले नाहीत. कुणाशी बोलायचा कंटाळा येतो. सरूबाई म्हणाली, "त्या दौंडवाल्याचं काय झालं? पोरीच्या साक्षीला आठ दिस उरलं." म्हटलं, बघतो. म्हणाली, "बघतो बघतो करत नुसतं भिताड बघत बसता." खरं आहे. भिंतीला पोपडे आलेत.

६ मार्च

सारिकाची साक्ष झाली. सगळं लिहितो.

कोर्टात गर्दी. आमच्या गावची, कवठ्याची, पंधरावीस माणसं होती. ते तिघंही पांढरे शर्ट घालून बसलेले. एकाचा दाढीचा कट नवा होता. सारिका पिंजऱ्यात उभी राहिली. सरकारी वकिलानं विचारलं तसं तिनं सांगितलं. कोण कुठून आला, कुणी पहिला वार केला, गाडीचा दरवाजा कसा उघडेना. आवाज एकदाही चढला नाही की फुटला नाही. मी घरात हे कधी विचारलंच नव्हतं. तो "सारे, काच वर घे" म्हणाला होता, हे मला आज कळलं. शेवटचं बोलणं तेवढंच.

मग त्यांचा वकील उठला. गोड माणूस. म्हणाला, तुमच्या नवऱ्यानं आधी पिस्तूल रोखलं, म्हणजे मारायला तोच निघालेला. ती म्हणाली, कोयते बघून काढलं. मग त्यानं रिपोर्ट वाचला. पिस्तुलात कसलाही दोष नाही. पिनच्या मार्गात वनस्पतीचं वाळलेलं तेल आणि तांबडी भुकटी, त्यामुळं उडालं नाही.

कसलाही दोष नाही.

"मग लायसनचं हत्यार मयताशिवाय आणखी कोण हाताळत होतं? कायद्यानं दुसऱ्या कुणाला हात लावता येत नाही, माहीत आहे ना बाई? हे तेल कुणी घातलं?"

मी बाकड्याला धरलं. उठून सांगावं असं मनात आलं. पण बसून राहिलो.

सारिका म्हणाली, "मी."

"तुम्ही?"

"खंडेनवमीला पूजा मीच करत होते. तेल मीच लावलं."

मागं आमच्या गावची सगळी माणसं. आमच्या घरात पाटावर कोण बसतं ते त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक. कुणी खोकलंसुद्धा नाही. सगळ्यांनी खाली बघितलं. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. नुसतं मलाच नव्हतं.

येताना गाडी तिनंच चालवली. मलठण मागं पडलं. मग मी म्हटलं, "का बोललीस तसं?"

"मग काय सांगू? सासऱ्यानं लावलं? तुम्हाला उभं केलं असतं पिंजऱ्यात. त्या वकिलानं सोललं असतं."

"कवापासून ठावं हाय तुला?"

"चार्जशीट मिळालं तवापासून. ते पान मी आन् आत्यांनी वाचलंय. तुम्हाला दाखवायचं न्हाई असं ठरलं हुतं."

"उद्या जाऊन जजला खरं सांगतो."

तिनं गाडी बाजूला घेतली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. "अजिबात न्हाई! माझं एवढं खोटं निघालं की बाकीचं खरंबी खोटं ठरंल. ती तिघं सुटतील. तुम्हाला मोकळं व्हायचंय म्हणून त्यांना सोडवू व्हय मी? गप ऱ्हावा, आबा. आता तुम्हाला गपच ऱ्हायचंय."

मग तिनं पाण्याची बाटली मला दिली आणि गाडी चालू केली.

७ मार्च

मी मारला त्याला. असं लिहून बघितलं. लिहिल्यावर काही झालं नाही.

८ मार्च

सरूबाईला विचारलं, "वरीसभर माझ्याबरोबर कशी जेवलीस?" ती कांदे चिरत होती. म्हणाली, "पहिलं म्हैनाभर तुमचं तोंड बघू वाटत नव्हतं. मग सारीच म्हणली, आत्या, आबांनी परक्याचं पोर न्हाई मारलं, त्यांचंच गेलंय. मग म्या जेवाय बसले." एवढं बोलून उठली आणि मला भाकरी वाढली.

११ मार्च

सोपानरावांना मीच फोन केला. साक्ष झाली तरी निकाल लांब आहे आणि ते तिघं मोकळेच आहेत. आता तर चिडलेत. परवा वस्तीच्या फाट्यावर त्यांची गाडी अर्धा तास उभी होती.

म्हटलं, "माझ्यानं निवडणं व्हायचं न्हाई. मला त्यातलं काय कळत न्हाई."

ते म्हणाले, "सुनंला घिऊन या."

१७ मार्च

सारिकाला घेऊन दौंडला. पिस्तूल तिथल्याच एका डॉक्टरीणबाईंचं, अनुपमाताई नावाच्या. दवाखाना बंद करून मुलीकडं चालल्यात. त्या स्वतःच पिस्तूल घेऊन सोपानरावांच्या घरी आल्या होत्या. छोटंसं, काळं, कडेला रंग उडालेला. मी बघितलं असतं तर खेळणं म्हणून बाजूला सारलं असतं.

सोपानरावांनी ते रिकामं करून सारिकाच्या हातात दिलं. तिची बोटं बरोबर पोचली. मी बघितलेली सगळी पिस्तुलं माझ्या पंजाच्या मापाची होती, तिच्या हाताचा मी विचारच केला नव्हता. सत्यजीतसाठीच निवडत होतो की काय मी, कोण जाणे.

ते खोललं. आत स्वच्छ. अनुपमाताई म्हणाल्या, "दर सहा महिन्यांनी साफ केलंय, आणि वर्षातून एकदा रेंजवर जाऊन उडवलंय. पूजाबिजा केली नाही हो, वेळच नव्हता." नंबर जुळले. सारिकानं विचारलं, "अडकलं तर काय करायचं?" किती जोरात दाबायचं, कुठं धरायचं, सगळं विचारलं. मला नव्हतं सुचलं यातलं काहीच. ती म्हणाली, हेच घेऊ. परवानगीचा अर्ज सोमवारी.

ताई गेल्यावर सोपानरावांनी ब्रश, कापड, तेलाची बारकी कुपी काढली. सारिकाला म्हणाले, "बस, पोरी. साफ कसं करायचं ते दावतो. हे कुणावर सोपवायचं न्हाई."

सारिका म्हणाली, "माझ्यासमोर आबा करतील. त्यांना शिकवा."

मी म्हटलं, "मी हात लावणार न्हाई."

"आबा, मला ह्याच्यावर भरवसा ठेवून झोपायचंय. घरात तुमच्याएवढं जिवानं कोण करणार हाय? शिकून घ्या नीट."

सोपानराव माझ्याकडं बघत नव्हते, कापड फाडत होते. मी खुर्ची पुढं ओढली. ब्रश हातात घेतला. मग रडू फुटलं. सोळा महिन्यांत आलं नव्हतं, ते तिथं परक्या माणसाच्या घरात, सुनेसमोर, हुंदके देऊन रडलो. सत्यजीत, सत्यजीत म्हणत होतो असं सारिका नंतर म्हणाली. सोपानरावांनी उठून दार लोटून घेतलं.

सारिकानं मला उगी म्हटलं नाही. तीही रडत होती. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले, ब्रश खाली पडला होता तो उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "हं, काका, सांगा. पहिलं काय करायचं?"